तालमीतले फोटो: फ्लॅशपेक्षा खिडकी बरी

एका भावानं विचारलंय, कुस्तीच्या तालमीत फोटो काढायचेत, पण अंधार असतो, फ्लॅश वापरू का? माझ्या मते नको. झटापट चालू असताना डोळ्यावर उजेड मारला तर पैलवान वैतागतो, आणि वस्ताद दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नाहीत. त्यांना आधी विचारा, चपला बाहेर काढा, मग कॅमेरा.

कोल्हापुरातली गंगावेस तालीम असो की मोतीबाग, पहाटे जाण्यापेक्षा खिडकीतून ऊन आत येईपर्यंत थांबा. ५० एमएमची एफ १.८ लेन्स, म्हणजे कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणारी, पुरते. तीही स्वस्तातलीच घ्या. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेला की डाव टाकतानाचे हात-पाय फोटोत हललेले, पुसट येतात. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० ला घाबरू नका, फोटोत दाणे दिसले तर दिसू देत.

खरी डोकेदुखी मातीची. हळद, तेल, ताक, लिंबू घालून मळलेली ती तांबडी माती उजेड परतवते आणि अंगं नको तितकी लाल येतात. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप रंग जुळवणं, तिथं गोंधळतो. पांढरा कागद धरून हातानं सेट करा, नाहीतर रॉ (रंग नंतर दुरुस्त करता येतील अशी कच्ची फाइल) काढा. लेन्स आत बदलायची नाही. काचेवर माती बसली तर आधी ब्लोअर (हवा मारायचा हातपंप) मारा, मग फडकं. थेट पुसलंत की चरे पडलेच म्हणून समजा.