सिकलसेल-थॅलेसेमियाची डीएनए तपासणी जिल्ह्याच्या लॅबमध्ये सुरू करावी का?

पॅथॉलॉजिस्ट, पूर्व विदर्भ

नमस्कार. जिल्ह्याच्या ठिकाणी आमची मध्यम आकाराची लॅब आहे. करोनाच्या काळात घेतलेले रिअल-टाइम पीसीआर मशीन आणि त्यावर हात बसलेले तंत्रज्ञ आमच्याकडे आहेत. मात्र हिपॅटायटिसचा व्हायरल लोड सोडला तर मशीनला आता फारसे काम उरलेले नाही. सिकलसेलसाठी एचपीएलसी (रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) आम्ही रोज करतो. परंतु ज्या नमुन्यात एचबी-एस (सिकलसेलचे हिमोग्लोबिन) भरपूर, एचबी-ए (नेहमीचे हिमोग्लोबिन) जवळपास नाही आणि ए-टू (एरवी थोडेच असणारे हिमोग्लोबिन) किंचित वाढलेले दिसते, तेथे रुग्ण एसएस (आई-वडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक आलेला) आहे की एस-बीटा थॅलेसेमियाचा (एकाकडून सिकलसेलचे, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचे जनुक आलेला), हे ठरवण्यासाठी रक्त बाहेर पाठवावे लागते आणि रिपोर्टला काही आठवडे लागतात. ही तपासणी आपल्याकडेच करावी असा विचार आहे. एक विक्रेता छोटे एनजीएस (एका वेळी भरपूर डीएनए वाचणारे) मशीन रिएजंटच्या करारावर बसवून द्यायलाही तयार आहे. सुरुवात कोठून करावी?

मॉलिक्युलर विभाग, पुणे

एनजीएसचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. बीटा-ग्लोबिनचे जनुक जेमतेम १,६०० बेसजोड्यांचे, तीन एक्सॉनचे आहे. ते पूर्ण वाचायचेच झाले तर सँगर ही एकेक तुकडा वाचणारी जुनी पद्धत पुरते. मोठे मशीन एका वेळी अनेक नमुने भरले तरच परवडते. महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने असताना ते चालवणे म्हणजे दोन प्रवाशांसाठी एसटी सोडणे.

तुमचा प्रश्न त्याहून सोपा आहे. सिकलसेलमध्ये सहाव्या कोडॉनवर (डीएनएच्या तीन अक्षरी शब्दावर) जीएजीऐवजी जीटीजी असते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. एवढी एकच जागा दोन रंगांच्या प्रोबने (ठरावीक डीएनएला चिकटून रंग देणाऱ्या तुकड्यांनी) तपासली, तर एसएसमध्ये फक्त एसचा रंग दिसतो, तर एस-बीटा थॅलेसेमियात दुसऱ्या गुणसूत्रावरील सहावा कोडॉन सहसा शाबूत असल्याने दोन्ही रंग दिसतात. एचपीएलसीवर एचबी-ए नाही आणि डीएनएवर मात्र एस एकेरी, ही विसंगतीच एस-बीटाचे निदान सांगते. त्यासाठी भारतात नेहमी आढळणारी आयव्हीएस १-५, आयव्हीएस १-१, कोडॉन ८/९, कोडॉन ४१/४२ आणि ६१९ बेसजोड्यांचा लोप ही थॅलेसेमियाची पाचही म्युटेशन्स पहिल्याच दिवशी बसवण्याची गरज नाही.

येथे एक फसवी जागा आहे. दुसऱ्या बाजूचे जनुकच गळालेले असेल, जसे डेल्टा-बीटा थॅलेसेमियात किंवा एचबी-एफ (गर्भातील हिमोग्लोबिन) आयुष्यभर जास्त राहणाऱ्या वंशागत प्रकारात होते, तर प्रोबला फक्त एस सापडतो आणि रिपोर्ट चुकून एसएस जातो. प्राइमर (पीसीआर सुरू करणारा डीएनएचा तुकडा) बसतो त्याच जागी एखादा बदल असला तरी एक बाजू अशीच गायब होते. म्हणून माझा आग्रह असा की, आई-वडिलांचे एचपीएलसी आणि हिमोग्राम हाताशी असल्याशिवाय एसएस असा अंतिम रिपोर्ट देऊ नये. खरे तर पालक उपलब्ध असतील तर निम्म्या शंका तेथेच मिटतात, आणि तेही डीएनएपेक्षा कितीतरी कमी खर्चात. नुसत्या ए-टूवर भिस्त ठेवता येत नाही, कारण एसएसच्या रक्तातही ते एचपीएलसीवर उगाच वाढलेले दिसते.

खर्चाचा हिशेब करताना प्रत्येक रनमध्ये एए (सिकलसेल नसलेला), एएस (एकाच बाजूने सिकलसेल असलेला वाहक), एसएस आणि डीएनए नसलेला असे चार कंट्रोल (उत्तर माहीत असलेले नमुने) धरावेत; रुग्णाचा एकच नमुना असला तरी ते लावावेच लागतात.

वरिष्ठ तंत्रज्ञ, नाशिक

करोनाची सवय येथे थोडी मोडावी लागते. तेव्हा उत्तर हो किंवा नाही एवढेच होते. येथे एए, एएस आणि एसएस असे तीन गट वेगळे पडायला हवेत आणि मधला गट स्पष्ट नसेल तर नमुना पुन्हा लावावा. स्वॅबसाठीचे एक्स्ट्रॅक्शन (जनुकीय पदार्थ वेगळा काढण्याचे) किट रक्तासाठी गृहीत धरू नये, कारण उरलेले हिमोग्लोबिन पीसीआर अडवते. हेपरिनही अडवते, म्हणून हिरव्या झाकणाची नळी नको, जांभळ्या झाकणाची ईडीटीएचीच घ्यावी. पुढे ६१९चा लोप जेलवर पाहायचा झाल्यास पीसीआर झालेली नळी उघडावी लागते. ते काम वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटने आणि वेगळ्या एप्रनमध्ये व्हावे.

फीटल मेडिसिन, नागपूर

गर्भाच्या तपासणीचा विषय निघण्याआधीच सांगतो: कोरिऑनिक व्हिलस (वारेचा अंश) किंवा गर्भजलाचा नमुना घेणार असाल तर १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली जनुकीय प्रयोगशाळा म्हणून नोंदणी लागते. त्या कायद्याच्या व्याख्येत हिमोग्लोबिनचे आजार आहेत आणि गर्भवतीच्या रक्ताचाही उल्लेख आहे, तेव्हा समुचित प्राधिकाऱ्याकडून लेखी खुलासा आधीच घ्यावा. शिवाय गर्भाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळलेल्या नाहीत हे व्यक्तीची ओळख पटवणाऱ्या एसटीआर मार्करने सिद्ध करावे लागते, आणि त्या बहुतेक तयार किटांत अमेलोजेनिन हा लिंग दाखवणारा मार्करही असतो. तो पडद्यावर कोण पाहतो, कागदावर उतरतो का, हे लिहून ठेवलेले नसेल तर तपासणी सुरू करू नये. माझ्या मते गर्भाचे नमुने अनुभवी केंद्राकडेच जावेत. तुमच्या लॅबने पती-पत्नी दोघांचे रिपोर्ट पहिल्या तिमाहीच्या सुरुवातीलाच हाती दिले, तर अकराव्या-बाराव्या आठवड्यातील व्हिलस तपासणीची वेळ हुकत नाही. आमच्याकडे येणाऱ्या अनेक जोडप्यांची ती तेवढ्यासाठीच हुकते.

पॅथॉलॉजिस्ट, पूर्व विदर्भ

सर्वांचे आभार. गर्भाचे नमुने घेणार नाही. फक्त एसच्या प्रोबपासून सुरुवात करू. पद्धत पडताळण्यासाठी खात्रीचे नमुने कोठून आणावेत?

मॉलिक्युलर विभाग, पुणे

बाहेर पाठवून रिपोर्ट आलेल्या रुग्णांचे उरलेले डीएनए, संमती असल्यास, तेथून परत मागवा. एए, एएस, एसएस हे तिन्ही प्रकार त्यात यायला हवेत आणि तंत्रज्ञाला उत्तर माहीत नसताना ते लावावेत. आयएसओ १५१८९ या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या मानकानुसार तयार किट असेल तर पडताळणी पुरते, पण प्राइमर-प्रोब स्वतः जुळवल्यास पूर्ण व्हॅलिडेशन (पद्धत मुळापासून सिद्ध करणे) दाखवावे लागेल. त्यानंतर दर काही महिन्यांनी आपण सांकेतिक क्रमांकाचे नमुने एकमेकांना पाठवू. आमच्याकडे एस-बीटाचे नमुने कमी येतात, तुमच्याकडून ते मिळाले तर आम्हालाही हवेच आहेत.