मदत हवी आहे: लॉन काढून परसबाग करायची आहे, पण माती पांढरी पडली आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर फलटणजवळ आहे. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, तोही बराचसा परतीचा. जुनं घर पाडून पाच वर्षांपूर्वी नवं बांधलं, तेव्हा ठेकेदाराच्या सांगण्यावरून पुढे मेक्सिकन लॉन लावली आणि मागे सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकले. दिसायला सुरेख होतं, आम्हीही खुश होतो.

आता बोअर फेब्रुवारीतच दम टाकतोय. लॉन साधारण ८४ चौरस मीटर आहे. उन्हाळ्यात हिरवी ठेवायची तर रोज चारशे ते साडेचारशे लिटर पाणी लागतं. परवा हिशेब मांडला. घराचं छत ९० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वाया जाणारं वजा केलं तरी वर्षाला छतावरून ३६,००० लिटर मिळेल. म्हणजे छतावर वर्षभरात पडणारं पाणी ही लॉन ऐंशी-नव्वद दिवसांत पिऊन टाकते! हा आकडा बघितल्यापासून चैन पडत नाहीये.

आईच्या वेळी याच जागेत न्हाणीचं पाणी दगडी पन्हाळीतून केळीच्या आळ्यात जायचं, तिथून अळवाला आणि शेवटी कर्दळीला. शेवगा होता, कढीपत्ता होता, दारात पारिजातक होता. बागेसाठी म्हणून तिने वेगळं पाणी काढलेलं मला आठवत नाही. मला तसंच परस पुन्हा उभं करायचंय.

अडचण मातीची आहे. कडेची थोडी लॉन काढून कुदळ मारली तर वीतभर खाली सिमेंटचे गोळे आणि खडी. गांडूळ एकही नाही. वर मिठासारखा पांढरा थर येतो, बोटाने खरवडला तर पिठासारखा निघतो. एकुलत्या लिंबाची पानं कडेने जळाल्यासारखी तपकिरी होतात. त्याला पाणी कमी पडतंय असं वाटून मी दोन वर्षं प्युरिफायरमधून बाहेर पडणारं पाणीही त्यालाच घालतेय.

सुरुवात कशापासून करू? वॉशिंग मशिनचं पाणी बागेला दिलं तर चालेल का? आणि आमच्या आत्या म्हणतात की पालापाचोळा पसरला की साप येतील आणि भिंतीला वाळवी लागेल. त्यांची भीती खोटी आहे असं मला म्हणवत नाही. घरात लहान मूल आहे.

अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. मृगाच्या आत निदान एक कोपरा तरी सुरू करायचाय.

प्रतिसाद: माणदेशी

ताई, पहिलं काम म्हणजे प्युरिफायरचं पाणी लिंबाला घालणं आजच बंद करा. आरओमधून जे बाहेर पडतं त्यात बोअरच्या पाण्यातले क्षार आणखी दाट होऊन येतात. लिंबूवर्गीय झाडांना क्षार अजिबात सोसत नाहीत. पानांच्या कडा जळतात त्या बहुधा त्यामुळेच. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा.

आता माती. पांढरा थर दिसला की आपण सगळ्यालाच खारवट म्हणतो, पण खारवट आणि चोपण यात फरक आहे आणि उपाय वेगवेगळे आहेत. घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात ठेवा आणि त्यावर अलगद डिस्टिल्ड वॉटर ओता, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. बोअरचं पाणी नको, त्याने चुकीचं दिसेल. ग्लास हलवू नका. ढेकूळ नुसतं विरघळून खाली बसलं आणि पाणी निवळ राहिलं तर बरं. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही बसला नाही, तर सोडियम जास्त आहे, जमीन चोपण होतेय. मग जिप्सम लागेल. पण ते किती घालायचं हे माती तपासल्याशिवाय कुणाचंही ऐकून ठरवू नका. बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे, तिथे चौकशी करा.

नुसती खारवट निघाली तर तिला धुवायला पावसाच्या पाण्याइतकं चांगलं काही नाही. छताचे पाइप गटारात सोडले असतील तर ते परसाकडे वळवा. आमच्याकडे एका पावसाळ्यात थर निम्म्याहून कमी झाला. पाणी भिंतीच्या पायाशी मुरू देऊ नका, आठ-दहा फूट लांब चर काढून तिथे सोडा.

वॉशिंग मशिनचं पाणी या मातीला नको. पावडरीत सोडियम असतो, त्याने काळी माती आणखी घट्ट होते. आंघोळीचं पाणी केळ-अळू-कर्दळीला खुशाल द्या, पण साठवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं. आणि अळू खायचा असेल तर पाणी मुळाशी सोडा, पानांवर नको.

प्रतिसाद: पाचटवाला

तुमच्या भागात ऊस एवढा आहे, मग आच्छादनासाठी विकत काहीच आणू नका. तोडणी झालेल्या फडात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, अजूनही पेटवून देतात. ओळखीच्या शेतकऱ्याला सांगितलंत तर ट्रॉलीभर सहज मिळेल. चार बोटं जाड पसरा. मे महिन्यात आच्छादनाखाली हात घालून बघा आणि उघड्या मातीत घालून बघा, मग मला वेगळं सांगावं लागणार नाही.

आत्यांचं म्हणणं मात्र मनावर घ्या. भिंतीपासून दोन फूट पट्टा मोकळा ठेवा, तिथे जाड खडी टाका. झाडाच्या बुंध्यालाही आच्छादन चिकटवायचं नाही, वीतभर अंतर हवं. साप येतो तो उंदरांच्या मागे आणि लपायला जागा मिळाली म्हणून. विटांचा ढीग, जुनी लाकडं, सांडलेलं धान्य आधी हलवा. पसरलेल्या पाचटापेक्षा कोपऱ्यात रचलेला ढीग जास्त धोक्याचा. मूल खेळतं तिथे आच्छादन नकोच, माती मोकळी ठेवा. रात्री परसात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल.

प्रतिसाद: हिरवाकोपरा

सगळी लॉन काढू नका असं मी म्हणेन. मुलासाठी दहा बाय दहाचा तुकडा राहू द्या, तेवढ्याला आंघोळीचं पाणी पुरतं. आणि लॉनच्या जागी नर्सरीवाला पिवळ्या फुलांचा वेडेलिया देऊ करेल. घेऊ नका. पाणी कमी लागतं हे खरं, पण तो कुंपण ओलांडून ओढ्यापर्यंत जातो आणि दुसरं काही उगवू देत नाही. कुंपणाला करवंद, मेंदी, अडुळसा लावा. तरवड तर तुमच्याकडे माळावर आपसूक वाढतो, त्याचं बी गोळा करा. त्याची पिवळी फुलं घरासमोर किती शोभतात ते बघाल.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशी दादा, ग्लास करून बघितला. तीन ठिकाणची ढेकळं ठेवली होती. दोन ग्लासात पाणी सकाळपर्यंत निवळ होतं. धुण्याच्या मोरीजवळच्या ढेकळाभोवती मात्र तुम्ही म्हणालात तसा ढग आला आणि तो अजून तसाच आहे. मशिनचं पाणी पाच वर्षं तिथेच मुरत होतं. तिथली माती वेगळ्या पिशवीत भरून तपासायला देतेय, उरलेल्या दोन जागांची एकत्र.

लिंबाचं आळं मोठं केलं, आरओची नळी काढून संडासाच्या बादलीत सोडली. आत्यांना भिंतीलगतच्या खडीच्या पट्ट्याचं दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग चालेल, पण पाचट आणल्यावर आधी मी झटकून बघणार. बघू देत.

रविवारी मागचे ब्लॉक उचलायला घेतोय, फक्त कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत जायची वाट ठेवणार. खाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम आहे, त्यात लगेच झाडं लावण्यात अर्थ दिसत नाही. म्हणून कुदळीने उकरून, शेणखत मिसळून पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरायचा आणि फुलावर येण्याआधी, साधारण दीड महिन्याने कापून तिथेच गाडायचा विचार आहे. त्यानंतर शेवगा आणि सीताफळ, हस्ताचा पाऊस मिळेल अशा बेताने.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. एवढ्या जागेला तागाचं बी अर्धा किलो पुरेल ना? आणि दाबलेल्या मुरमात ताग कुणी करून बघितलाय का? मुळं खरंच खाली जातात, की आधी पहारीने भोकं पाडून घ्यावीत?