मदत हवी आहे: स्ट्राँग नको, मग कोणती बीअर?

नमस्कार मंडळी. मी वरुडकडचा, संत्र्याच्या पट्ट्यातला. आमच्याकडे दुकानात बीअर मागितली की दुकानदार एकच विचारतो, "स्ट्राँग की माइल्ड?" दोन्ही लागरच, म्हणजे कमी तापमानाला आंबवलेली नेहमीची बीअर. स्ट्राँगमध्ये अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत जातं आणि माझ्या तर चवीपेक्षा घशातली जळजळच जास्त लक्षात राहते.

मागे पुण्याच्या साडभावानं बेल्जियन पद्धतीची गव्हाची बीअर पाजली. ढगाळ, फिकट पिवळी, वर पांढरा दाट फेस, आणि नाकाजवळ नेली की धने अन् संत्र्याच्या सालीचा वास. या प्रकारात या दोन्ही गोष्टी खरंच घालतात. मला मनापासून आवडली. जर्मन हेफेवाइझेन, तीही गव्हाचीच, छान वाटली. तिच्यात केळं-लवंगेची चव येते ती निव्वळ यीस्टमुळे, फळ काही घातलेलं नसतं. आयपीए (इंडिया पेल एल) मात्र हॉप्समुळे, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमुळे, कडूजहर लागली.

आता विचारायचं ते असं: गव्हाची बीअर आवडणाऱ्यानं पुढे काय पिऊन बघावं? स्टाउटला, म्हणजे काळ्या बीअरला, भाजलेल्या जवामुळे कॉफीची चव येते, ती मला कडवट वाटेल का? सावजी मटणाबरोबर तुम्हाला कोणती जमते? माझ्या मते तिथं कडू बीअर नकोच, तिखट आणखी चढतं. आणि नागपुरातून आणायची तर मे महिन्याच्या उन्हात गावापर्यंत चव टिकावी म्हणून काय करता? थर्माकोलचा डबा अन् बर्फ पुरतो का?

ब्रँडपेक्षा प्रकार सांगा, आणि तुम्हाला तो का आवडतो तेही लिहा.