‘रेस’ला मराठीत काय म्हणायचं? वंश, जात, गण, की आणखी काही?

विचारणा

आमच्या सोसायटीच्या वाचनखोलीत दर रविवारी मी सात-आठ मुलांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवतो. यात प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत मिळून गोष्ट पुढे न्यायची. मुलं मराठी शाळेतली, म्हणून कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती भरायचा कागद) मीच मराठीत लिहून झेरॉक्स काढल्या. ताकद, चपळाई, दमखम, बुद्धी, शहाणपण, छाप हे सहा गुण पटकन जमले. (‘करिष्मा’पेक्षा ‘छाप’ मुलांना लगेच कळलं.) अडलो ते ‘रेस’च्या चौकटीशी. पात्र माणूस आहे, टोकदार कानांचा एल्फ, बुटका दणकट ड्वॉर्फ की राक्षसासारखा दांडगा ऑर्क, ते तिथे लिहायचं असतं. घाईत ‘जात’ लिहून मोकळा झालो. डोक्यात आंब्याच्या जाती, कुत्र्यांच्या जाती होत्या.

सहावीतल्या एका मुलाने नाव लिहिलं, वय लिहिलं आणि त्याची पेन्सिल त्या चौकटीवर थांबली. बाजूच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारलं, “काका, इथे खरी लिहायची का?”

मी म्हटलं, नाही रे, एल्फ की ड्वॉर्फ तेवढंच लिही. त्याने लिहिलं. पण पुढचा सगळा वेळ त्याचा डावा तळहात त्या चौकटीवर होता. घरी येऊन मी सगळ्या प्रती फाडल्या.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही चौकट नुसती नावापुरती नसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली हा खेळ आणला. १९७८च्या नियमपुस्तकात ड्वॉर्फचा दमखम एकने जास्त आणि छाप एकने कमी. हाफ-ऑर्कची (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क) ताकद आणि दमखम एकेकाने जास्त, छाप दोनने कमी. २०००च्या आवृत्तीत हाफ-ऑर्कला ताकदीत दोन मिळाले, पण बुद्धी आणि छाप दोन-दोनने गेली. त्या आवृत्तीत दोन गुण गेले की त्या गुणासाठी वीस बाजूंचा फासा टाकताना दर वेळी एक वजा होतो. २०१४च्या मुख्य पुस्तकातून ही वजाबाकी गेली होती, तरी २०१६च्या पुरवणी पुस्तकात ऑर्क खेळायला आला तो बुद्धी दोनने कमी घेऊनच. २०२० मध्ये वाढीव गुण हवे तिकडे हलवायची मुभा मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये प्रकाशकांनी ‘रेस’ सोडून ‘स्पीशीज’कडे वळत असल्याचं जाहीर केलं. २०२४च्या पुस्तकात वाढीव गुण ‘बॅकग्राउंड’ला जोडलेत. पात्र आधी शेतकरी होतं, सैनिक होतं की लेखनिक, यावर ते ठरतात.

तर ‘स्पीशीज’ला ‘प्रजाती’ म्हटलं की माझी सुटका होईल का?

प्रतिसाद

नाही होणार. वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात, पण मराठी विश्वकोशातली वनस्पतींची कुठलीही नोंद उघडून बघा, ‘या प्रजातीत इतक्या जाती आहेत’ अशी वाक्यं सापडतील. तिथे स्पीशीज म्हणजे ‘जाती’, आणि ‘प्रजाती’ ही तिच्या वरची पायरी. शास्त्राच्या परिभाषेत, तुम्ही जे फाडलंत त्याच्याच जवळ परत येता.

मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ‘जात्याच’ हा शब्द. ‘मुलगी जात्याच हुशार आहे’ असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. हे संस्कृत ‘जाति’चं तृतीयेचं रूप आहे, म्हणजे ‘जन्माने’. जातिवंत घोडा, जातिवंत कलावंत, ‘तेथे पाहिजे जातीचे’ हे सगळं कौतुकानेच बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण गुण जन्माच्या खात्यावर जमा झालेला असतो. खेळातला अधिक दोन हाच आहे. फरक एवढाच की तिथे तो आकड्यात छापला, म्हणून डोळ्यांवर आला. (‘साहेब जातीने हजर होते’ यातली ‘जात’ निराळी. ती अरबीतून आली, अर्थ ‘स्वतः’. तिला यात ओढायला नको.)

‘वंश’ त्यातल्या त्यात बरा. संविधानाच्या अनुच्छेद १५च्या मराठी पाठात ‘धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान’ असा क्रम आहे, तिथे रेसला वंशच म्हटलंय आणि जात वेगळी ठेवलीये.

प्रतिसाद

‘गण’ का नको? देवगण, मनुष्यगण, राक्षसगण घरोघरी माहीत आहेत. मुलांना समजवावंही लागणार नाही.

प्रतिसाद

दादा, गण नको. समजवावं लागत नाही हीच त्यातली अडचण आहे.

माझं नक्षत्र विशाखा. सत्तावीस नक्षत्रांतली नऊ राक्षसगणात टाकलीत, त्यातलं एक. दोन स्थळं पत्रिकेवरून परत गेली. तिसऱ्या वेळी चहाचा ट्रे घेऊन मी दाराशी उभी होते तेव्हा मावशी आत सांगत होती, “मुलगी शांत आहे हो, गणावर जाऊ नका.” तेव्हापासून कितीतरी वर्षं मी घरात आवाज चढवला नाही. चढवला असता तर गणाचाच म्हटला असता. माझी छाप दोनने कमी, हे कुणीतरी मी जन्मले त्या वेळेवरून ठरवलं होतं. तुमचा तो ऑर्क मला चांगला कळतो.

आणि राक्षस, असुर म्हटलं की वाईटच, हे आपल्याकडेही खरं नाही. बळीराजा असुरांचा राजा. तरी दिवाळीत ओवाळताना आम्ही म्हणतो, “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.”

प्रतिसाद

‘जमात’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, तोही नको. १८५७ नंतर इंग्रजांनी फौजेची भरती ‘मार्शल रेसेस’च्या हिशेबाने सुरू केली. मराठीत त्याला लढाऊ जमाती म्हणतात. कोण जन्माने शूर आणि कोण नाही, याचा तक्ताच होता तो. १८१८ला कोरेगावला कंपनीच्या फौजेतून लढलेल्या महारांची भरती १८९०च्या दशकात याच विचाराने बंद झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली आणि १९४१ला महार रेजिमेंट उभी राहिली. दरम्यान त्या लोकांच्या मनगटात काहीही बदललं नव्हतं.

१८७१च्या कायद्याने तर जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ला गेला, पण पारध्यांच्या पालावर संशय आजही आधी पोचतो. ‘जमात’च्या चौकटीपुढे वजा चिन्ह लिहिताना मला हेच आठवणार.

प्रतिसाद

सगळ्यांचं पटतंय, तरी एक खेळाडू म्हणून बोलतो. सगळे आकडे सारखे केले तर ऑर्क व्हायचं कशाला? धिप्पाड गोलियाथ आणि चिमुकला हाफलिंग दोघांची ताकद एकच असेल तर मला ते खोटं वाटतं. तीन फुटी हाफलिंगने बैल उचलायचा का?

मूळ विचारणाऱ्याकडून

बैलाचा मुद्दा रास्त आहे. अंगात आणि गुणात फरक करून मी तो सोडवला. मराठीत त्यासाठी ‘अंगचा’ हा शब्द आहेच. ड्वॉर्फला अंधारात दिसतं, एल्फला झोपेची गरज नसते, गोलियाथ धिप्पाड आहे आणि जास्त ओझं उचलतो, हे अंगचं. ते तसंच ठेवलं. बुद्धी, शहाणपण, छाप अंगचं धरलं नाही, आणि अधिक-उणे कुठल्याच अंगाला लावलं नाही.

आता पहिल्या चौकटीवर फक्त ‘कोण?’ लिहिलंय. वंशही बाजूला ठेवला, कारण ‘वंशाचा दिवा’ म्हणून एका मुलीला घरी रोज ऐकावं लागतं. ‘कोणांपैकी’ मुद्दाम टाळलं, त्याचा अर्थ इथे सगळ्यांना ठाऊक आहे. खाली मोठी, चार ओळींची चौकट आहे, तिचं नाव ‘जडणघडण’. वाढीव तीन गुण तिथूनच मिळतात, आणि का मिळावेत ते मुलांनी लिहून दाखवायचं. ‘बॅकग्राउंड’ला ‘पार्श्वभूमी’ लिहिणार होतो, पण तिच्यात मागे लावलेल्या पडद्यासारखं काहीतरी वाटतं. जडणघडणीत हात दिसतात.

त्या मुलाने यावेळी ऑर्क घेतला. ‘कोण?’ची चौकट झाकली नाही. जडणघडणीत त्याने लिहिलं, ‘आजीबरोबर बाजारात बसून भाजी विकली.’ मी छाप दोनने वाढवली.

तो म्हणाला, “काका, सुट्टे मीच द्यायचो.” मग बुद्धीही एकने वाढवली.