प्रति: मिस्सा सुटली, आता कुठे जावं?
ताई, मिस्सा (कॅथलिक चर्चमधली रविवारची उपासना) सुटली तरी रविवारची सकाळ खायला उठते, आता सोलापुरात कुठे जावं आणि आईला कसं सांगावं असं विचारता, मग नक्की काय सुटलंय ते आधी बघा. पोप, पापनिवेदन पटत नाही पण येशू हवाय, तर सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या (अमेरिकन धर्मप्रचारकांच्या संस्थेच्या) काळापासून प्रोटेस्टंट मंडळी आहेत. मराठी भजनं, प्रभुभोजन, सगळं आहे. चौकटच नको असेल तर ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवा. १८९५ला बाप्तिस्मा आणि १९१७ला मिशन सोडून 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा मेळा, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला! (दोनच वर्षांत टिळक गेले, हे दुर्दैव.) सोलापूरच्याच सिद्धेश्वर मंदिराच्या तळ्याकाठी बरं वाटतं, तर खुशाल बसा. आईला सांगताना एवढंच सांगा, कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे बाप्तिस्मा पुसला जात नाही, परतायचं दार उघडंच असतं. त्यांचा निम्मा घोर तिथेच कमी होईल.