व्हीटी स्टेशन: तुमच्या आठवणी लिहा

आज आईची ट्रंक आवरताना बाबांचा १९८९ चा पास सापडला. कल्याण ते व्ही.टी. (आताचं सीएसएमटी), सेकंड क्लास. एका कोपऱ्यात ओल लागून शाई पसरलीय आणि प्लास्टिकच्या पाकिटात मागे घडी घातलेली यादी, पाव किलो भेंडी, आलं, आईची बीपीची गोळी. तीस वर्षं माणूस रोज तिथे उतरला. मला कधी ऑफिसला नेलं की तिकीट खिडक्यांच्या हॉलमध्ये थांबवून म्हणायचे, वर बघ. छतावर सोनेरी चांदण्या. मला वाटायचं सगळ्याच स्टेशनांत असतात! तुमचंही लिहा, छोटंमोठं काहीही.

गिरगावकर: आमची आजी शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायची. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी सुटली ती तिथूनच, १४ डबे, ४०० माणसं, साहिब सिंध सुलतान अशी तीन इंजिनं, ठाण्यापर्यंत. आताची इमारत नंतरची, १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, स्टीव्हन्स आर्किटेक्ट. दर्शनी भागावर आपले नाना शंकरशेटही कोरलेत, रेल्वे यावी म्हणून झटलेला माणूस. मुलांना मुद्दाम दाखवा.

सुषमाताई: भेंडीची यादी वाचून डोळे भरले गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते

चित्रकलावाली: जेजे स्कूल ऑफ आर्टला असताना स्केचिंगला तिथेच बसायचो. गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ, सिंह ब्रिटनचा वाघ आपला. पण मला आवडायची ती भिंतींवरची दगडी माकडं आणि मोर, त्यातलं कोरीवकाम जेजेच्याच विद्यार्थ्यांनी केलेलं, म्हणजे आमचे सीनियरच की! एका मोराच्या पिसाऱ्यावर आख्खी दुपार घालवलीय

मोटरमनची लेक: पप्पा म्हणायचे व्हीटीत गाडी घेताना श्वास रोखलेला असतो, पुढे रूळच नाहीत, बफर आहे. गाडी थांबली की पिशवी खांद्याला लावून प्लॅटफॉर्मवरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनकडे, तेवढ्यात मी डबा हातात द्यायचे. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी इथूनच कुर्ल्याला गेली, हे त्यांनी मला पाचवीतच पाठ करून घेतलं होतं

चाकरमानी: कोकणात जायची मांडवी एक्स्प्रेस!! पहाटे आख्खं घर स्टेशनात, आई गोणीवर बसलेली, मी नारळ मोजतोय

डोंबिवलीकर: २६ नोव्हेंबर २००८, अतिरेकी हल्ल्याची रात्र. माझा भाऊ त्या रात्री ऑफिसात अडकला म्हणून उशिरा निघाला. विष्णू झेंडे यांनी वरून अनाउन्समेंट करून कितीतरी लोकांना बाहेर काढलं. अजूनही लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला गेलो की हात जोडतो.

सुषमाताई: 🙏 भाऊ सुखरूप ना, बरं झालं. आता लिहिते, लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईत उतरले ती व्हीटीलाच, यांनी समोर कॅननची पावभाजी खाऊ घातली, इतकं बटर मी जन्मात पाहिलं नव्हतं. अजून आहे का ती?

चाकरमानी: आहे की ताई, सबवेतून बाहेर आलात की वासच येतो

चित्रकलावाली: धागाकर्ते, पास लॅमिनेट नका करू हां, उष्णतेने खराब होऊ शकतो. बटर पेपरमध्ये ठेवा

धागाकर्ते: ठेवला. यादी पण त्याच घडीत.

सुषमाताई: भाजी कांदा परतून करायची का मॅश करून? यांना कॅननसारखीच हवीय आज