'एकदा बघण्यासारखा' म्हणजे नेमका कसा? सिनेमा पाहून आल्यावर वापरायचे शब्द

गेल्या दोन महिन्यांत चार नवे सिनेमे पाहिले. मी जाणकार वगैरे नाही. सुट्टी असली आणि काही नवीन लागलं असलं की जातो, आणि परत आल्यावर मित्रमंडळींसाठी पाच-सहा ओळी लिहितो. काल त्या चारही सिनेमांवरचं माझंच लिखाण सलग वाचलं आणि मन खट्टू झालं. एक ऐतिहासिक, एक भयपट, एक घरातल्या घरात घडणारी संथ गोष्ट, एक जुन्या गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग. चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण माझ्या ओळी जवळपास सारख्या: 'अभिनय उत्तम, संगीत श्रवणीय, उत्तरार्ध लांबला, एकदा बघण्यासारखा.' हे वाचून कुणाला काय कळणार?

म्हणून विचारतो. 'एकदा बघण्यासारखा' ही शिफारस आहे की नाही? 'रटाळ', 'कंटाळवाणा' आणि 'संथ' यांत तुम्ही काय फरक करता? आणि मी जे लिहितो त्याला परीक्षण म्हणायचं, समीक्षा म्हणायची की नुसता अभिप्राय?

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या 'एकदा'मध्येच आहे. 'बघण्यासारखा आहे' असं कुणी म्हटलं तर मी जाईन. 'एकदा बघण्यासारखा आहे' म्हटलं तर बहुधा जाणार नाही. खरं तर बहुतेक सिनेमे आपण एकदाच बघतो, म्हणजे 'एकदा' हा शब्द माहिती म्हणून काहीच सांगत नाही. तो फक्त कौतुकाला कात्री लावतो. 'वेळ जातो' आणि 'वेळ कसा गेला कळलं नाही' यांतही असंच. दोन्हीकडे वेळच जातो, पण पहिल्यात आपण तो घालवतो आणि दुसऱ्यात सिनेमा आपल्याला त्याची आठवण होऊ देत नाही.

'बरा आहे' याचीही तीच गत. 'बरवा' म्हणजे सुंदर. ज्ञानेश्वरांच्या अभंगातला विठ्ठल 'बरवा' आहे. त्याच्या जवळचा 'बरा' आज सिनेमाला लावला तर जेमतेम पास. मात्र चेहरा आणि सूर बघायला हवा. 'बरा आहे हं!' असं भुवया उंचावून म्हटलं तर ते कौतुक असतं. लिहिताना भुवया दिसत नाहीत, म्हणून लेखी 'बरा' टाळावा असं मला वाटतं.

प्रतिसाद

परीक्षण की समीक्षा या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या आवडीचा भाग आहे.

संस्कृतात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. त्याला 'प्र' लागला की प्रेक्षक, म्हणजे नीट पाहणारा. 'परि' लागला की परीक्षण, चारी बाजूंनी पाहणं. (परि आणि ईक्षण यांचा संधी असल्यामुळे 'परीक्षण'मधला री दीर्घ. 'परिचय', 'परिणाम' यांत मात्र ऱ्हस्व. सिनेमावर लिहिणारे इथे हमखास चुकतात.) 'सम्' लागला की समीक्षा, सगळं एकत्र धरून पाहणं. 'प्रति' लागला की प्रतीक्षा, वाटेकडे डोळे लावून बसणं. 'अप' लागला की अपेक्षा आणि 'उप' लागला की उपेक्षा. म्हणजे नव्या सिनेमाचा सगळा प्रवास एकाच धातूत सापडतो: आधी प्रतीक्षा, मग अपेक्षा, मग प्रेक्षक, मग परीक्षण, आणि कमनशिबी असेल तर उपेक्षा.

यातला सर्वांत महत्त्वाचा दुवा आपण दिवसातून शंभर वेळा बोलतो आणि लक्षात घेत नाही. तुलनेचं 'पेक्षा' हे 'अपेक्षा'मधूनच आलं आहे. 'पहिल्या भागापेक्षा दुसरा फिका' असं तुम्ही लिहिलंत तर त्यात तुलना आहे, आणि शब्दाच्या पोटात अपेक्षाही आहे. दुसऱ्या भागाची वेदनाच ती. तो सुटा बघितलाच जात नाही. तुमच्या चौथ्या सिनेमाबद्दल लिहिताना स्वतःला एवढंच विचारा, की पहिला भाग आलाच नसता तर हा कसा वाटला असता? दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा. वाचणाऱ्याला दोन्ही हवी असतात, कारण पहिला भाग न पाहिलेलेही वाचत असतात.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पाच-सहा ओळींना परीक्षण म्हणू नये, कारण चारी बाजूंनी पाहण्याचा तुमचा दावा नाही. समीक्षा त्याहून मोठी. 'अभिप्राय' चांगला शब्द आहे. संस्कृतात त्याचा अर्थ हेतू किंवा मनातला आशय असा. मराठीत तो 'मत' या अर्थाने स्थिरावला, तरी जुन्या अर्थाची सावली उरली आहे: मनात जे आलं ते. मला विचाराल तर तेच लिहा, आणि मोकळेपणी लिहा.

मूळ प्रश्नकर्ता

'पेक्षा' वाचून थांबलोच. दुसऱ्या भागाबद्दल मी 'अपेक्षाभंग झाला' असं लिहिलं होतं. आता वाटतं, त्या वाक्यात सिनेमाबद्दल एक अक्षरही नव्हतं. सगळं माझ्याबद्दल होतं.

प्रतिसाद

तुमच्याबद्दल असलं तर काय बिघडलं? मला यात दोष दिसत नाही, फक्त ते तुमच्याबद्दल आहे हे वाक्यातून कळावं. मराठीत त्याची सोय उत्तम आहे. 'सिनेमा चांगला आहे' यात निकाल आहे. 'मला सिनेमा आवडला' यात आवडण्याची क्रिया सिनेमाकडे जाते आणि आपण 'मला' होऊन बाजूला बसतो. 'मला पटला', 'मला रुचला', 'मला भिडला', 'मला झेपला नाही', सगळी एकाच घडणीची वाक्यं. पाहणाऱ्याचा अनुभव सांगायला भाषेने वेगळी जागाच करून ठेवली आहे.

तुमचे तीन शब्द याच फूटपट्टीने मोजा. 'संथ' हा सिनेमाचा गुणधर्म आहे, दोष नव्हे. नदीही संथ असते. 'कंटाळवाणा' हा पाहणाऱ्याचा अनुभव. केविलवाणा, लाजिरवाणा, उदासवाणा या शब्दांतलं 'वाणा' बघा, सगळीकडे भावना आहे. म्हणून एकच संथ सिनेमा तुम्हाला कंटाळवाणा आणि शेजारच्या खुर्चीतल्याला सुखाचा वाटू शकतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. 'रटाळ' मात्र आरोप आहे. तेच तेच, रस नसलेलं, पुढे न सरकणारं. रटाळ म्हणायचं तर कुठे तेच तेच झालं ते दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते.

आणखी दोन भेद उपयोगी पडतील. 'लांबला' आणि 'ताणला' एक नव्हे. लग्नाची गोष्ट सांगता सांगता कुणी चार नातेवाइकांच्या गोष्टी सांगितल्या तर ते लांबणं. एकाच प्रसंगातून निघेल त्याहून जास्त काढायचा प्रयत्न केला तर ते ताणणं. आणि 'पाल्हाळ' फक्त बोलण्याचं असतं. पात्रं गप्प असतील तर पाल्हाळ म्हणू नये. 'उत्तरार्ध लांबला' या तुमच्या वाक्यात यांपैकी नक्की काय झालं होतं?

प्रतिसाद

बोलीतल्या शब्दांकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी लिहिते.

सिनेमा 'लागतो', नाटक 'लागतं'. छापील भाषेत ते 'प्रदर्शित होतं', पण घरात कुणी तसं बोलत नाही. गंमत म्हणजे हाच सिनेमा मोबाइलवर किंवा ओटीटीवर आला की तिथे तो 'लागत' नाही, 'येतो'. थिएटरमध्ये लागतो आणि थिएटरमधून उतरतो. ओटीटीवरून तो 'काढतात' किंवा 'जातो'. 'अजून लागलाय का उतरला?' या प्रश्नात घाई आहे, आज नाही गेलो तर राहून जाईल ही. नवे सिनेमे घरबसल्या मिळू लागल्यापासून ती घाई कमी झाली आणि तिच्यासोबत हा शब्दही कमी ऐकू येतो. मला त्याची चुटपुट लागते.

'चालला', 'पडला', 'आपटला', 'गाजला' हे शब्द मताच्या वाक्यात घुसवू नका, अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. ते धंद्याचे शब्द आहेत. 'गल्ला' मुळात धान्याचा, मग पैशांच्या पेटीचा झाला. 'वसूल' अरबीतला, मूळ अर्थ पोचणे, हाती येणे. तो आपल्याकडे सरकारी वसुलीतून आला आणि 'पैसा वसूल' होऊन सिनेमात बसला. 'पैसा वसूल' निदान प्रेक्षकाच्या बाजूने बोलतो. पण पडलेला सिनेमा वाईट आणि चाललेला चांगला असं समीकरण आपण नकळत मांडतो, आणि जो पडला तो बघायचाही राहतो. 'गाजला' हा 'गर्ज्'मधून आलेला, म्हणजे फक्त आवाज झाला एवढीच ग्वाही देतो.

कौतुकाचे शब्द पाहिले तर बरेच फारसीतून आले. 'मस्त' म्हणजे धुंद. 'जबरदस्त' म्हणजे ज्याचा हात वर आहे तो, म्हणून तर त्याचीच 'जबरदस्ती' होते. आणि 'मजा' म्हणजे चव! 'मजा आली' म्हणणारा आणि 'आस्वाद घेतला' म्हणणारा एकच गोष्ट सांगतात, एक फारसीतून आणि एक संस्कृतातून. दुसऱ्याने स्वतःला पहिल्याहून वरचा समजायचं कारण नाही.

प्रतिसाद

'अंगावर येतो' राहिला. माझ्या लहानपणी अंगावर येणं म्हणजे भांडायला धावून येणं, किंवा जेवणानंतर येणारी सुस्ती. आता 'शेवटचा प्रसंग अंगावर येतो' हे मोठं कौतुक झालं आहे. भयपटाबद्दल लिहिताना मात्र जपून वापरा. केवळ आवाज कर्कश असला तरी तो अंगावर येतो. 'अंगावर काटा आला' यात भीती शरीराने मान्य केलेली असते. दोन्हींत फार अंतर आहे.

प्रतिसाद

'अभिनय उत्तम' या तुमच्या पहिल्याच शब्दावर कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात.

अभि अधिक नी, म्हणजे 'कडे नेणे'. नाट्यशास्त्र सांगतं की नाटकाचा अर्थ प्रेक्षकापर्यंत नेतो तो अभिनय. त्याचे चार प्रकार: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेश-रंगभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतून उमटणाऱ्या भावाचा. यांतला वेश-रंगभूषेचा भाग तर दुसरेच लोक घडवतात, तरीही तो अभिनयच धरला आहे. तुमच्या ऐतिहासिक सिनेमात नटाचा आवाज चांगला होता की चाल? की पोशाखानेच अर्धं काम केलं होतं? एवढं एक वाक्य लिहिलं तरी 'उत्तम' लिहायची गरज उरत नाही.

असंच 'पट'चं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा सगळेच पट मूक होते, 'मूक' असं वेगळं सांगायचं कारण नव्हतं. १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली मराठीत 'अयोध्येचा राजा' बोलला, तेव्हा 'बोलपट' आणि 'मूकपट' ही जोडी जमली. आता सगळेच बोलतात, म्हणून 'बोलपट' मागे पडला आणि चरित्रपट, भयपट, युद्धपट, रहस्यपट पुढे आले. नाव बदलतं तेव्हा प्रेक्षक काय मोजतो आहे तेही बदललेलं असतं. (आणि 'चित्रपट पटला' यातल्या दोन 'पट'चा एकमेकांशी संबंध नाही. एक कापड, दुसरं जुळणं.)

प्रतिसाद

सिनेमा 'तो', चित्रपट 'तो', पिक्चर 'तो', फिल्म 'ती'. मूव्ही? आमच्या घरात मुलं 'मूव्ही आवडली' म्हणतात, भाचा 'आवडला' म्हणतो. मी 'आवडली'च्या बाजूने. सायकल, बॅटरी, ईकारान्त परके शब्द मराठीत बहुधा स्त्रीलिंगी होतात.

प्रतिसाद

मताशी सहमत, पण सायकल ईकारान्त नाही. बॅटरी, डायरी, लॉटरी ही उदाहरणं चालतील.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. संथ सिनेमाबद्दलच्या ओळी काल रात्री पुन्हा लिहिल्या. आधीच्या चार शब्दांपैकी एकही वापरायचा नाही असं ठरवून बसलो होतो, त्याला दोन तास लागले.

'सिनेमा संथ आहे आणि पहिला अर्धा तास मला तो कंटाळवाणा वाटला. आई रोज तीच कामं त्याच क्रमाने करते, ते मला रटाळ वाटणार असं वाटलं होतं. मग एक दिवस ती एक काम विसरते. कुणी काही बोलत नाही, संगीत नाही, आणि मला एकदम भीती वाटली. तो क्रम मला पाठ झाला होता म्हणूनच चूक कळली. आईचं काम करणारीचे हात बघा, तिचा चेहरा फार वेळा दिसत नाही. शेवट लांबला नाही, ताणला आहे: मुलाचा फोन एकदा पुरे होता, तीनदा येतो. शेवट मला पटला नाही, पण सिनेमा भावला. अजून लागलेला आहे, उतरायच्या आत जा.'

कुठला शब्द खटकतो?

प्रतिसाद

'भावला'. बाकी सगळीकडे काय झालं ते सांगितलं आहे, तिथे फक्त सांगून मोकळे झालात. 'भीती वाटली' हे तुम्ही वर लिहिलंच आहे, तेवढं पुरे. ते वाक्य 'शेवट मला पटला नाही' इथेच थांबवा.